चार एकर गवत आणि एक चूल

गेल्या मे महिन्यात आमचा तासगावचा चुलतभाऊ, म्हणजे दादा, पहिल्यांदाच अमेरिकेला आला होता, मुलीच्या ग्रॅज्युएशनला, आणि त्यातले चार दिवस आमच्याकडे वेस्टचेस्टरला होता. दोन एकर द्राक्षबाग आहे त्याची, माल एक्सपोर्टला जातो, त्यामुळे जमिनीकडे बघायची त्याची नजर आपल्यासारखी नाहीये. रविवारी त्याला गाडीतून वर बेडफर्डकडे फिरवून आणलं. दगडी गडगे, आत लांबलचक ड्राइव्हवे, मग हिरवळ, मग आणखी हिरवळ आणि पार मागे झाडीत कुठेतरी घर. अर्धा तास तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आरं, हितं पीक काय घेत्यात?"

म्हटलं, गवत.

"इकत्यात?"

नाही म्हटलं, कापतात आणि टाकून देतात, दर आठवड्याला माणसं येतात कापायला, त्यांना वर पैसे देतात. मग त्याचा साहजिक पुढचा प्रश्न, की एवढी जमीन पडून आहे तर त्यातला तुकडा का नाही विकत कोणी. मी सांगितलं की विकता येत नाही, या भागात बहुतेक ठिकाणी एका घराला कमीत कमी चार एकर लागतात, विकलेला तुकडा चार एकरांहून जरासा कमी भरला तरी त्यावर दुसरं घर बांधू देणार नाहीत. दादाने मनातल्या मनात हिशोब केला, चार एकर म्हणजे एकशे साठ गुंठे, आणि मोठ्यांदा हसला. "म्हंजे हितंबी तुकडेबंदी हाय की!"

मी तेव्हा हसण्यावारी नेलं, पण ते डोक्यातून जाईना. कारण तो बरोबर बोलला होता. आपल्याकडचा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, कारण काय तर वाटण्या होऊन होऊन शेताचे इतके बारके तुकडे पडायला लागले की बैल वळवायला जागा राहिना. आता जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी मर्यादा आहे, आणि लोकांनी ती कशी पाळली ते आपण सगळे जाणतोच, पुण्या-सांगलीच्या कडेची अर्धी वस्ती गुंठेवारीचीच आहे, शेवटी २०२५ मध्ये सरकारनेच शहरी हद्दीतल्या एकेक गुंठ्याच्या व्यवहारांना मोकळीक द्यायचं जाहीर केलं. तिथे कायदा शेत वाचवायला होता. इथल्या १६० गुंठ्यांत कोण काय वाचवतंय?

तर हा लेख त्याच्याबद्दल आहे. वेस्टचेस्टर म्हणजे न्यूयॉर्क शहराला उत्तरेला चिकटून असलेली काउंटी, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाखांच्या जरा वर. 'लक्झरी लिव्हिंग' म्हणून ज्या जाहिराती येतात त्यात हिचं नाव कायम असतं. इथल्या स्कार्सडेल गावचं मध्यक (मीडियन, म्हणजे बरोबर मधल्या घराचं) उत्पन्न किती ते जनगणनेच्या तक्त्यात बघायला गेलात तर आकडा मिळत नाही, नुसतं '२,५०,००० डॉलर प्लस' लिहिलेलं असतं, कारण त्यांचा तक्ताच तिथे संपतो. क्लिंटन दांपत्याने १९९९ मध्ये इथल्याच चॅपाक्वाला घर घेतलं, १७ लाख डॉलरला, आणि आज त्या भागात तो आकडा ऐकून कोणी मान वर करून बघणार नाही.

मी इथे चौदा वर्षं आहे. आधी व्हाइट प्लेन्सला भाड्याने, मग हार्लेम लाइन या रेल्वेवरच्या एका छोट्या गावात घर घेतलं. म्हणजे मी बाहेरून दगड मारत नाहीये, आत बसूनच बोलतोय, हे आधीच सांगितलेलं बरं.

घर शोधताना मी तेवीस ओपन हाऊस, म्हणजे बघायला खुली ठेवलेली विक्रीची घरं, बघितली. दारात निळे प्लॅस्टिकचे मोजे बुटावर चढवायचे, आत व्हॅनिलाचा वास, किचनमध्ये कोणी कधीच न चिरलेली लिंबं काचेच्या वाडग्यात. सुरुवातीला मी आपला भारतीय सवयीने बांधकाम बघायचो, भिंतीवर टकटक करून बघायचो, आणि खरं सांगतो, भिंती पुठ्ठ्याच्याच, जिप्सम बोर्ड, आपल्या गावच्या माळवदाच्या घराच्या भिंती याच्यापेक्षा दहापट. मग हळूहळू कळलं की दहा-पंधरा लाख डॉलर लोक भिंतींना देतच नाहीयेत. लिस्टिंगवर एक शब्द असतो, 'स्कार्सडेल पीओ'. म्हणजे पत्ता स्कार्सडेलचा, पिनकोड १०५८३, पण घर प्रत्यक्षात ईस्टचेस्टरमध्ये नाहीतर न्यू रोशेलमध्ये, पोस्ट ऑफिस तेवढं स्कार्सडेलचं, शाळा नाही (इथे सरकारी शाळा घर कुठल्या हद्दीत आहे त्यावरून मिळते). आणि रस्त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सारख्याच घरात किमतीचा जो फरक पडतो ना, तो सगळा त्या शाळेच्या रेषेचा. संगमरवर, पूल, वाइन सेलर हे सगळं नंतर. विकली जाते ती रेषा.

आणि ही रेषा निसर्गाने काढलेली नाही. सरकारी कागदावर, पेनाने, माणसांनी काढलीये.

थोडा इतिहास सांगावा लागेल, कंटाळा नका करू. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी काही शहरांनी सरळसरळ वंशावर झोनिंग (म्हणजे कुठल्या जागेत काय असावं याचे सरकारी नियम) केलं होतं, या गल्लीत गोरे, त्या गल्लीत काळे. १९१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. मग १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाची केस आली, त्यात प्रश्न होता की गावाला 'इथे फक्त एका कुटुंबाचीच घरं' असं ठरवता येतं का, आणि कोर्ट म्हणालं येतं. त्या निकालात न्यायमूर्ती सदरलँड यांनी अपार्टमेंट बिल्डिंगला जो शब्द वापरलाय त्याला मराठीत एकच प्रतिशब्द बसतो, बांडगूळ. म्हणजे चांगल्या वस्तीतली मोकळी हवा आणि ऊन फुकटात खाणारी. मी गिरगावातल्या चाळीत जन्मलेल्या बाईचा मुलगा आहे, मला ते वाक्य वाचून कसं वाटलं असेल बघा.

तर वंशाने रेषा काढता येत नाही म्हटल्यावर ती पैशाने काढली गेली. कमीत कमी एवढा प्लॉट, एवढी फ्रंट यार्ड, एका प्लॉटवर एकच कुटुंब. शब्दांत कुठे काही वाईट नाही. कोणालाही या म्हणतात, फक्त चार एकर घेऊन या. आणि मग वर्षानुवर्षं गाव बघा, तेच ते चेहरे, आणि सगळे म्हणतात आम्ही कुठे कोणाला अडवलंय.

बरं, कोर्टांनी यावर काही केलं नाही असंही नाहीये. चॅपाक्वा ज्या न्यू कॅसल टाउनमध्ये येतं त्याच टाउनच्या केसमध्ये १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की बाबांनो, झोनिंग करताना फक्त गावाचं नाही, आजूबाजूच्या सगळ्या प्रदेशाच्या गरजेचंही बघा. छान निकाल आहे, वाचायला. अंमलबजावणी करणार कोण?

यॉन्कर्सची गोष्ट तर आपल्या बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांसारखी आहे. यॉन्कर्स याच काउंटीतलं मोठं शहर, गरीबांसाठीची सरकारी घरं त्यांनी अनेक दशकं नैऋत्येच्या एका कोपऱ्यात कोंबली होती आणि पूर्वेकडचा भाग गोऱ्या मध्यमवर्गाचा. १९८५ मध्ये फेडरल जज म्हणाले हे मुद्दाम केलंय, आणि पुढच्या वर्षी हुकूम दिला की पूर्वेकडे २०० सरकारी घरं बांधा, शिवाय आणखी परवडणारी घरंही होऊ द्या. सिटी कौन्सिल नाही म्हणाली. मग १९८८ मध्ये कोर्टाने दंड लावला, पहिल्या दिवशी १०० डॉलर आणि मग रोज दुप्पट. नुसतं गणित करून बघा, पंधराव्या दिवशी एका दिवसाचा दंड १६ लाख ३८ हजार ४०० डॉलर होतो! वरच्या कोर्टाने मग रोजचा १० लाखांचा कमाल दंड ठरवून दिला, शहराचं दिवाळं निघायची वेळ आली तेव्हा कुठे सप्टेंबरमध्ये कौन्सिल नमली. ती दोनशे घरं झाली, दुमजली, विखुरलेली, १९९२ पासून लोक राहायला आले. आभाळ कोसळलं नाही. पण लक्षात घ्या, हजारेक घरांसाठी एक शहर बुडायला तयार झालं होतं. हे मला आजही समजत नाही, किंवा समजतं म्हणून जास्त त्रास होतो.

मग २००९. काउंटीने फेडरल सरकारकडून घरबांधणीचे पैसे घेताना दरवेळी लिहून दिलं होतं की आम्ही वस्त्यांमधला वांशिक भेद कमी करण्यासाठी झटतोय, आणि एका संस्थेने कोर्टात दाखवलं की तसं काही झटणं वगैरे चालू नाहीये. तडजोड झाली, ७ वर्षांत ७५० परवडणारी घरं, तीही बहुतांश गोऱ्या गावांत, काउंटीच्या खिशातून ५ कोटी १६ लाख डॉलर. १० लाख लोकवस्तीत साडेसातशे घरं. त्यावरूनही जे काही रणकंदन झालं! चॅपाक्वामध्ये २८ फ्लॅटची एक बिल्डिंग होती, तिला जागा कुठली मिळाली तर रेल्वेचे रूळ आणि पार्कवेवरून उतरणारा रॅम्प यांच्या मधली चिंचोळी पट्टी. म्हणजे द्यायचं तर देऊ, पण उकिरड्यापाशी देऊ. आणि त्या पट्टीलाही वर्षानुवर्षं विरोध चालला होता.

यात सगळ्यात गमतीशीर भाग म्हणजे हे सगळे लोक स्वभावाने चांगले आहेत. खरंच. डेमोक्रॅट्सना मत देतात, हिरवळीवर 'इथे सगळ्यांचं स्वागत आहे' अशा अर्थाच्या पाट्या लावतात, फूड पँट्रीत शनिवारी डबे भरतात. २०२३ च्या जानेवारीत गव्हर्नर होकल यांनी योजना मांडली की राज्यात दहा वर्षांत ८ लाख घरं बांधू, न्यूयॉर्कच्या आसपासच्या गावांनी तीन वर्षांत ३ टक्के तरी घरं वाढवायची आणि स्टेशनच्या अर्ध्या मैलात दाट बांधकामाला परवानगी द्यायची. विधिमंडळ त्यांच्याच पक्षाचं. एप्रिलपर्यंत योजना बारगळली, आणि ती पाडण्यात उपनगरांचा वाटा सगळ्यात मोठा, आमचाही.

आता आपल्या लोकांबद्दल. मुंबईच्या लोकलमध्ये फोर्थ सीट असते बघा, तिघांच्या बाकावर चौथा अर्धा टेकतो, बाकीचे कुरकुरतात पण सरकतात. ती कायद्यात कुठे लिहिलेली नाही पण ती आहे, म्हणून ती गाडी चालते. सकाळी पावणेआठला आमच्या स्टेशनवर उभे राहा. या प्लॅटफॉर्मवर शहराकडे जाणारे, हातात कॉफी, कानात इअरबड, ग्रँड सेंट्रल चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत. समोरच्या प्लॅटफॉर्मवर त्याच वेळी उलट्या दिशेची गाडी येते, शहरातल्या ब्रॉन्क्समधून, फोर्डहॅम स्टेशनला भरून, आणि त्यातून बायका उतरतात, नॅनी, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या, घरं साफ करणाऱ्या, पाठीला सॅक, आणि पुढे बी-लाइनची बस पकडायला धावतात. ज्या गावातली पोरं त्या दिवसभर सांभाळतात त्या गावात त्यांना टेकायलासुद्धा जागा नाही. सहा महिने मी हे रोज बघत होतो तरी मला काही दिसलं नव्हतं, हेही सांगतो, दादाच्या त्या प्रश्नानंतर दिसायला लागलं.

आणि आपण मराठी लोक यात मागे आहोत असं अजिबात समजू नका. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या ताटांवर ज्या गप्पा होतात त्यात एक विषय नक्की, 'त्या स्टेशनच्या पार्किंग लॉटवर बिल्डिंग येतेय, ऐकलं का, शाळा खराब होणार आता.' हेच लोक पुण्यात दोन फ्लॅट राखून आहेत आणि तिथल्या प्रोजेक्टमध्ये ४,००० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटाला ठेवायचा नियम आहे म्हणून त्यांच्या कपाळाला तिथेही आठ्या, 'मेंटेनन्स कोण भरणार यांचा?' दहा वर्षं व्हिसाच्या रांगेत उभं राहून 'आम्हाला आत का घेत नाहीत' म्हणणारी माणसं आपण, आणि आत आल्यावर पहिलं काम काय तर कडी लावायची.

विरोध करणाऱ्यांचे सगळेच मुद्दे भंकस आहेत असं मी म्हणणार नाही. वरच्या बेडफर्ड वगैरे भागात बऱ्याच ठिकाणी ड्रेनेज लाइनच नाही, सेप्टिक टँक आहेत, आणि तिथलं पाणी क्रोटनच्या तलावांत जातं जिथून न्यूयॉर्क शहर पाणी घेतं. तिथे उद्या टॉवर बांधा असं कोणी शहाणा म्हणणार नाही. (दादाने बघितलेलं गवत कापून टाकण्यापेक्षा निदान जंगल तरी होऊ द्यावं, पण तो वेगळा विषय.) पण मग जिथे ड्रेनेज आहे, पाणी आहे, रेल्वे आहे, तिथे तरी? स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवरही आमच्या गावात एका कुटुंबाचीच घरं. तिथे सेप्टिकचं कारण चालत नाही, मग 'कॅरेक्टर' निघतं. गावाचं कॅरेक्टर. हा शब्द सुनावणीत आला की मी मोजायला लागतो, गेल्या वेळी तासाभरात एकोणीसदा आला.

टॅक्सचं रडगाणं खरं आहे. वेस्टचेस्टरचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी, वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर तर साध्या घराला जातो, आमच्याकडे टाउनचं बिल एप्रिलमध्ये आणि शाळेचं सप्टेंबरमध्ये, आणि शाळेचं बघून दरवर्षी चहा गार होतो. पण याच बिलाकडे नीट बघितलं तर उलटा मुद्दा निघतो की नाही? चार एकरात एक घर म्हणजे रस्ता तेवढाच लांब, बर्फ काढायची गाडी तेवढीच फिरणार, आणि पैसे भरणारं एकच कुटुंब. स्टेशनजवळ एक-दोन बेडरूमचे साठ फ्लॅट आले तर त्यातून शाळेत मुलं थोडीच येतात, टॅक्स मात्र सगळे भरतात. जो माणूस बिलाच्या नावाने बोंब मारतो त्याने खरंतर बिल्डिंगच्या बाजूने बोलायला हवं.

करून दाखवलंय की शेजाऱ्यांनी. न्यू रोशेलने २०१५ मध्ये डाउनटाउनचं झोनिंगच बदललं, पर्यावरणाचा अभ्यास सगळ्या भागाचा आधीच एकदम करून ठेवला म्हणजे प्रत्येक बिल्डरला वेगळी पाच वर्षं लागायला नको, आणि आज स्टेशनभोवती वीस-पंचवीस मजली बिल्डिंगा उभ्या आहेत. भाडी तिथे देशाच्या मानाने बरीच कमी वाढली. दिसायला सुंदर आहेत का त्या? नाहीत. करड्या रंगाचे खोके आहेत. पण मला व्हाइट प्लेन्सला पहिला फ्लॅट मिळाला तोही असाच एक खोका होता, आणि त्यात माझी मुलगी पहिलं पाऊल टाकायला शिकली.

आता सगळ्यात घरगुती मुद्दा. चूल. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की म्हणतात वेगळी चूल मांडली, आणि इथला झोनिंगचा कायदा खरोखर चुली मोजतो. आई-बाबांसाठी बेसमेंटमध्ये खोली-बाथरूम केलं तोपर्यंत कोणाची हरकत नव्हती, आईला तिचा तिचा चहा करता यावा, सकाळी पाच वाजता कोणाला न उठवता, म्हणून खाली गॅस बसवायचं म्हटलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, 'दुसरा स्टोव्ह लावला की कायद्याने ती दोन कुटुंबं.' एकत्र कुटुंबाला सरकार दोन कुटुंबं म्हणतंय, का तर चुली दोन! परवानगी मिळते, पण त्याला अर्ज, सुनावणी, शेजाऱ्यांना पत्रं, जादा पार्किंग. शेवटी आई इंडक्शनची एक शेगडी टेबलावर ठेवून चहा करायची, आणि बेल वाजली की ती कपाटात.

माझं मागणं काही फार क्रांतिकारी नाहीये. स्टेशनच्या अर्ध्या मैलात तीन-चार मजली बिल्डिंगांना रोजच्या रोज भीक मागायला न लावता परवानगी, त्यातले काही फ्लॅट परवडणारे, आणि जिथे ड्रेनेज आहे तिथे प्रत्येक प्लॉटवर दुसरी चूल. बेडफर्डच्या चार एकरवाल्यांनी खुशाल गवत कापावं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या व्हिलेज हॉलमध्ये पार्किंग लॉटच्या बिल्डिंगची सुनावणी होती, ४२ फ्लॅट. मी नाव दिलं होतं. माणशी तीन मिनिटं, समोर ट्रॅफिक सिग्नलसारखा दिवा, हिरवा, पिवळा, लाल. मला दोन मिनिटांतच घाम फुटला, जे ठरवून गेलो होतो त्यातलं निम्मं राहिलं, चुलीचं तेवढं बोललो आणि बसलो. माझ्यानंतर आपल्यातलेच एक काका उठले, तीस वर्षं इथे आहेत, आणि त्यांनी कॅरेक्टर शब्द चारदा वापरला.

बाहेर गाडीपाशी भेटले. "अहो, तुम्हीसुद्धा? उद्या घराची किंमत पडली म्हणजे?"

पडू दे की थोडी, म्हटलं, तशीही विकून जाणार कुठे आपण, या गावात लहान घर आहेच कुठे घ्यायला? तुम्ही दोघंच आहात ना त्या पाच बेडरूममध्ये?

काका जरा थांबले. "ते बाकी खरंय हो," म्हणाले, "हिला जिना चढवत नाही आता. रात्री खालीच सोफ्यावर झोपते." मग किल्ली काढली, गाडीत बसले, जाताना हात केला.

पुढच्या सुनावणीची यादी परवा लागली. काकांचं नाव आहे, विरोधातच.